खूण विझली नाही

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहिलं. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. तिच्याच प्रयोगशाळेत, तळघरातल्या चुंबकाच्या खोलीत, भर दुपारी.

वहिनीचं काम असं. पेशीत एक रासायनिक खूण सोडायची. नळी चुंबकाच्या यंत्रात ठेवली की पडद्यावर त्या खुणेची लाट उमटते. पण जिवंत पेशी फार खादाड. बघता बघता खूण खाऊन टाकते आणि लाट सपाट होते. मेलेल्या पेशीत मात्र खूण तशीच राहते.

त्या दुपारी प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशी बाद झाल्या. वहिनीने सरळ स्वतःचंच बोट टोचलं. रक्तात खूण मिसळली, नळी यंत्रात ठेवली.

लाट उमटली.

आणि... उमटलेलीच राहिली.

सोबतचा तंत्रज्ञ, ज्याला सगळे भोपळा म्हणतात, हसला. "मॅडम, रसायन शिळं झालं असेल." त्याने आपलं रक्त घेतलं, खूण त्याच बाटलीतली. चहा गार व्हायच्या आत लाट सपाट.

पुन्हा वहिनीचं घेतलं. लाट हलेना.

भोपळ्याने तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी छान टवटवीत दिसत होत्या. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. दिसायला जिवंत, यंत्राच्या लेखी मेलेल्या.

"कुणापाशी बोलू नका," वहिनी म्हणाली.

मला मात्र तिने सांगितलं. महिन्याभरापूर्वी तिची गाडी दरीत गेली होती. गाडीचा चेंदामेंदा झाला, वहिनीला ओरखडाही नाही. देव तारी त्याला कोण मारी, म्हणाले सगळे.

मागच्या सीटवर माझी पुतणी होती... तिलाही ओरखडा नाही.

"भाऊजी, माझं काय व्हायचं ते होवो," वहिनी म्हणाली. "पोरीचं कळायला हवं."

रविवारी सकाळी दादा बाहेर गेल्यावर ती माझ्यासमोर सुई आणि नळी घेऊन बसली. पुतणी मांडीवर चढली.

"आई, दुखेल?"

"मुंगी चावल्यासारखं."

पोरीने बोट पुढे केलं. वहिनीने ते घट्ट धरलं.

सुई बोटापर्यंत गेली... आणि थांबली.

 मग वहिनीने सुई कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"जा, खेळ जा."

दादाला अजून काही माहीत नाही. मी त्यांच्याकडे जेवायला जातो. पुतणी धावत येऊन गळ्यात पडते. अंग छान गरम असतं तिचं. मीही तिला जवळ घेतो.

पण खरं सांगतो... घेताना मला भीती वाटते.