सत्तेचाळिसावा

दिल्लीच्या कडेच्या आमच्या लहानशा विमानतळावर कंपनीची एकाच घराण्यातली तीन छोटी जेट विमानं आहेत. आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणतो. थोरली सध्या जमिनीवरच आहे. तिचं जे चांगलं असेल ते काढून धाकटीला लावायचं, बहिणीबहिणींच्या फ्रॉकसारखं. माझं काम साधं. आतली माणसं कागदाशी जुळली की सही करायची आणि दार लावू द्यायचं.

त्या जानेवारीच्या सकाळी धाकटीत माझी बायको मयुरा होती. तिची आई कोल्हापूरला आयसीयूत होती, आज पोचली तरच भेट. बाहेर धुकं इतकं, की पंखाचं टोकही दिसेना.

हवाईसुंदरी अपूर्वा दाराशी आली. "सर, कागदावर शेहेचाळीस. मला सत्तेचाळीस मिळतायत."

"परत मोज."

"तीनदा मोजले, यार... सॉरी, सर."

मी स्वतः आत जाऊन मोजले. शेहेचाळीस. बाराव्या रांगेत मयुरा खिडकीशी होती आणि तिच्या शेजारची बारा-सी रिकामी. त्या सीटच्या हातावरचे नखांचे ओरखडे मी ओळखले. ही सीट थोरलीतली होती.

गेल्या जानेवारीत असंच धुकं होतं. दार लागल्यावर थोरलीतल्या बारा-सीवरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बेटा, मुझे उतार दो. घबराहट हो रही है." एक माणूस उतरवायचा म्हणजे त्याची बॅग शोधा, उड्डाणाच्या रांगेतला नंबर घालवा. मी म्हणालो, "बस पाँच मिनट, अंकल." त्या पाच मिनिटांचे चार तास झाले. दार उघडलं तेव्हा ते सीटवरच गेले होते.

"अरे, यांचं बघ ना जरा," मयुरा रिकाम्या सीटकडे हात करून हळूच म्हणाली. "केव्हाचे म्हणतायत... उतरायचंय."

भीती होतीच, पण त्याहून लाज जास्त होती. मयुराला त्यांच्या शेजारी बसवून पाठवणं तर शक्यच नव्हतं.

"चलिए अंकल," मी त्या सीटला म्हणालो. "उतरते हैं."

लोक बघत राहिले. मी मागे न बघता शिडी उतरलो. वर अपूर्वाने पुन्हा मोजलं. शेहेचाळीस. मी सही केली, आणि धुकं जरा विरल्यावर धाकटी उडाली. दुपारी मयुराचा फोन आला. आईने डोळे उघडले होते, तिला ओळखलं होतं. मी ड्यूटीवरच रडलो.

संध्याकाळी नोएडाला घरी आलो. बूट काढतोय तोच खालून गार्डचा इंटरकॉम वाजला.

"साहब, आपके साथ जो बुज़ुर्ग आए, उनकी एंट्री रह गई."

"मैं तो... अकेला आया हूँ."

"लिफ्ट के पास खड़े हैं, साहब. कह रहे हैं, बस पाँच मिनट."