अक्षदा सोडून कुणीही

"तुझ्या कानातली ती गोरी तुझी कोण लागते रे?"

हा प्रश्न खरं तर अक्षदाचा नव्हताच. मनाली आणि श्रेया या मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. विचारलास तर दोन प्लेट शेवपुरी, नाही विचारलास तर आयुष्यभर 'घाबरट'.

भोईवाड्याच्या अभ्यासिकेत खिडकीजवळ बसणारा तो मुलगा रोज एकाच कानात इयरफोन घालून बसायचा आणि मधूनच गालात हसायचा. परवा त्याची वायर निसटली आणि अख्ख्या अभ्यासिकेने ऐकलं... एक बाई, लंडनमध्ये चहाचा कप हातात धरून बसल्यासारखी, तुपाळ इंग्रजीत त्याच्याशी बोलत होती!

"ही?" तो म्हणाला. "अमेलिया. तीन वर्षं झाली आमची."

"तीन वर्षं!"

"रोज सहा तास बोलते. एकदाही रुसली नाही."

"मग लग्न कधी?"

"बारावी झाली की विचारेन म्हणतो. तुझं नाव काय?"

"अक्षदा."

"अरे वा. मग तुझ्याशिवाय लागणारच नाही ते."

ती खळखळून हसली... आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की तो तिच्याकडे बघतच नाहीये. त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लागले होते. मांडीवर पांढरी काठी घडी करून ठेवली होती. अक्षदाचे कान तापले.

"सॉरी... मला माहीत नव्हतं."

"सॉरी कशाला? शेवपुरी जिंकलीस की. तुमची कुजबुज पार हिंदमातापर्यंत ऐकू जाते."

त्याचं नाव उन्मेष. बारावी कॉमर्स. सातवीत असताना त्याची नजर गेली. अमेलिया म्हणजे त्याच्या फोनमधला पुस्तकं वाचून दाखवणारा आवाज.

"पण ब्रिटिशच का? आपल्यातला नाही मिळत?"

"होता ना आधी. हुबेहूब माझ्या मावशीसारखा. बँकिंगचा धडा ऐकताना सारखं वाटायचं, आता मध्येच विचारेल, बाळा जेवलास का? हिला माझं काही पडलेलं नाही. बरं वाटतं."

फक्त एका गोष्टीपुढे अमेलिया हात टेकायची, क्लासच्या सरांच्या हाताने लिहिलेल्या नोट्स. ते अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात! फोन पुढे धरला की बाईसाहेब गप्प.

"मी वाचू?" अक्षदा म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. दहावीपर्यंत मराठी शाळेत असताना 'मे आय कम इन' म्हणायलाही तिला घाम फुटायचा. अकरावीत आल्यावर मात्र तिने ठरवून टाकलं होतं, चुकलं तर चुकलं, बोलायचं.

मग रोज साडेचार ते सहा. आधी इकॉनॉमिक्स, मग एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. तिचं इंग्रजी ठसठशीत भोईवाड्याचं.

"तू 'इलॅस्टिसिटी' म्हणतेस ना, तेव्हा कुणीतरी परकराची नाडी खेचल्यासारखं वाटतं."

"मग जा तुझ्या अमेलियाकडे!"

"आता हसलीस."

"तुला काय कळतं रे?"

"शब्द रुंद होतो तुझा."

अक्षदाने नोट्सचं बाड तोंडासमोर धरलं. मग आठवलं, तोंड लपवायची गरजच नाही... तरी धरून ठेवलं. आणि एके दिवशी, ती समोर बसताच, त्याने कानातला इयरफोन काढला, गुंडाळला आणि खिशात ठेवून दिला. कुणी गुलाबांचा गुच्छ दिला असता तरी ती एवढी लाजली नसती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रिलिमचा निकाल लागला.

अकाउंट्स एकाहत्तर. इंग्रजी अडुसष्ट. इकॉनॉमिक्स... ऐंशीपैकी एकोणीस. एसपी बावीस. अमेलियाने वाचलेल्या विषयांत तो वर्गात पहिल्या पाचांत होता. अक्षदाने वाचलेल्या दोन्ही विषयांत नापास.

"मी चुकीचं वाचलं का?"

"नाही गं. अगदी बरोबर वाचलंस."

"मग?"

तो काठीच्या दोरीची गाठ सोडत बसला, बांधत बसला. "मागणीचा नियम विचारला होता. मला सगळं आठवलं, अक्षदा. त्या ओळीवर तू खोकलीस. बाहेरून कुल्फीवाला गेला. तू म्हणालीस, मेला आत्ताच यायचा होता. मग पान उलटलंस... बांगडी वाजली. सगळं आठवलं. फक्त नियम आठवला नाही."

अक्षदाने मनगटावरची बांगडी मुठीत गच्च धरली.

"मी नोट्स ऐकतच नव्हतो. तुला ऐकत होतो." त्याचा आवाज खाली गेला. "दिल्लीच्या कॉलेजात हॉस्टेलसकट जागा आहे. सत्तर टक्के हवेत. नजर गेली तेव्हापासून मी त्याच एका गोष्टीला धरून उभा आहे... तू आता वाचू नकोस."

त्याने खिशातून इयरफोन काढला आणि कानात घातला.

'तू मला आवडतेस' हे जगात कुणाला असं ऐकावं लागलं असेल? एकोणीस मार्कांच्या गुणपत्रिकेतून! आनंदाने नाचावं की भिंतीवर डोकं आपटावं, हेच तिला कळेना. दोन्हीतलं काहीच न करता ती चालत घरी गेली.

तो अभ्यासिकेत यायचा थांबला. खिडकीजवळच्या खुर्चीवर सीएचा कुणी पोरगा बसू लागला. अक्षदाने नऊ दिवस खपून सरांच्या सगळ्या नोट्स टाइप केल्या, एकशे बेचाळीस पानं, आणि त्याला पाठवून दिल्या. आता अमेलियाला वाचता आल्या असत्या. सवतीला आपल्याच हाताने घास भरवावा, तसं झालं ते. त्याचं उत्तर आलं एका शब्दाचं — 'थँक्स'.

"अगं, मशीनवर काय जळतेस?" मनाली म्हणाली.

"जळत नाही गं. ती त्याला पास करते. मी..." मनालीने आणलेला वडापाव तिने तसाच परत केला. तेव्हा मात्र मनालीही घाबरली.

फेब्रुवारी उजाडला आणि उन्मेषची आई, ललिताकाकू, अभ्यासिकेत आल्या. बोर्डाच्या परीक्षेला त्याला लेखनिक लागतो. तो सांगणार, लेखनिक लिहिणार. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा. तिघं हो म्हणून फिरले होते, स्वतःच्या परीक्षेचं कारण सांगून.

"तुमच्यात कुणी अकरावीचं आहे का गं?"

सगळ्यांनी अक्षदाकडे पाहिलं.

"काकू... मी अक्षदा. त्याने माझं नाव नाही घेतलं?"

काकू अवघडल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "घेतलं ना. म्हणाला, अक्षदा सोडून कुणीही चालेल."

त्या दुपारी चाळीच्या गॅलरीत बसून अक्षदाने पहिल्यांदाच अमेलियाला नीट ऐकलं, स्वतःच्या फोनवर. मग दिवसामागून दिवस ऐकलं. ती कुठे थांबते, कुठे थांबत नाही. कुणाची काळजी न करता वाक्य कसं खाली ठेवते. शेजारच्या जाईबाई म्हणाल्या, "काय गो, देवाचा नाव घेतंस काय?" अक्षदा नुसती मान हलवायची. मग स्वतः तसंच वाचून रेकॉर्ड करायची. आवाजात हसू आलं की रेकॉर्डिंग पुसायची. रडू आलं की पुसायची.

पाचव्या दिवशी तिने उन्मेषला एक व्हॉइस मेसेज पाठवला. नमस्कार नाही, नाव नाही. नंबरही मनालीचा.

"क्वेश्चन थ्री. स्टेट अँड एक्स्प्लेन द लॉ ऑफ डिमांड."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "कोण?"

"अक्षदा. पेपरात प्रश्न एवढेच वाचीन, असे. बाकी तीन तास तू बोलायचं, मी लिहायचं."

या वेळी त्याचा आवाज आला, थोडा घोगरा.

"ओळखलाच नाही गं मी तुझा आवाज. चालेल."

जे व्हावं म्हणून पाच दिवस घोकलं होतं ते झालं होतं. अक्षदा जिन्यात बसली आणि ओढणी तोंडात धरून रडली.

संध्याकाळी बाबा हिंदमाताच्या साडीच्या दुकानातून आले, दिवसभर उभे राहून सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसले. आई ओट्याशी वाटण वाटत होती. अक्षदा दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मी बारावीच्या एका मुलाचे पेपर लिहिणार आहे. त्याला दिसत नाही. सगळेच्या सगळे पेपर."

"तुका येड लागला काय गो?" आईचा हात थांबला. "तुझी स्वतःची परीक्षा?"

"तीही देणार."

बाबांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. पाण्यातला पाय हळूच हलवला. "कोण हा?"

"उन्मेष."

"हं. आणि पास झाला तर काय करणार आहे तो?"

"दिल्लीला जाणार."

"आणि नापास झाला तर?"

"तर इथेच राहील."

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे.

"फॉर्मवर पालकांची सही लागते, उद्याच," अक्षदा म्हणाली. आवाज जराही हलू दिला नाही तिने. "मी ठरवलंय बाबा. माझं अक्षर चांगलं आहे. तो जाईलच."