फुकटचं वारं

त्या साली वळ गावात भाताची झोडणी उरकली आणि नेमकं वारंच पडलं. उफणायला वारं लागतं, आणि झाडाचं पान हलेना. केसरीनाथाला दम म्हणून नव्हता. त्याच्या गोदामाचा भाडेकरू, एक भंगारवाला, कुठल्याशा अणुकेंद्रातून निघालेला मोठा पंखा राखाडी पेटीसकट ठेवून गेला होता. केसरीनाथानं तो खळ्यावर ओढत आणला, वायर जोडली आणि मिशीला पीळ देत बायकोला म्हणाला, "घे, फुकटचं वारं!"

कमळला सातवा महिना होता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेलेली, त्यामुळे यंदा ती स्वतःच्या सावलीलाही भीत होती. सूप घेऊन उभी राहिली खरी, पण त्या वाऱ्याचा तिला पहिल्या झुळकीलाच संशय आला. कोंडा भुर्रकन उडून अंगावर, केसांत बसत होता. वास कसलाच नव्हता. जिभेवर मात्र तांब्याचं नाणं तोंडात धरल्यासारखी चव...

"अवं, बंद करा ना. कायतरी हाय यात."

"तुझं आपलं कायतरीच! वाऱ्यात काय असनार?"

संध्याकाळी रास लागली. दरवर्षी राशीवरच्या चिमण्या हाकलताना कमळचा घसा बसायचा. यंदा एकही उतरली नाही. सगळ्या कुंपणाच्या तारेवर बसून नुसत्या बघत होत्या. 

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तुळशीराम तिला बघायला आला. तो तसल्याच एका अणुकेंद्रात साफसफाईच्या ड्युटीवर होता. पंखा दिसताच तो खळ्याच्या कडेलाच थबकला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला.

"दाजी, ही हवा गाळायची पेटी गळायला लागली म्हून काढलेली असनार... आतली किरणांची धूळ हवेत जाते. दिसत न्हाय, वास येत न्हाय. ही पुरायची असते, दाजी."

केसरीनाथाचं तोंड एवढंएवढंसं झालं. नवराबायको अंग घासघासून न्हाले. तरी कमळच्या जिभेवरची चव गेली नाही.

तुळशीराम पुन्हा आला तो पिशवीत किरणं मोजायचं यंत्र लपवून. "चांगल्या हवेतबी हे मधनंमधनं टिकटिकतं," तो हळूच म्हणाला. "पार गप असं कधीच बसत न्हाय."

पंख्यापाशी यंत्र तडतडलं. मग राशीवर, सुपावर, कमळच्या केसांवरसुद्धा. केसरीनाथानं यंत्राकडं आणि मग बायकोच्या पोटाकडं बघितलं.

"पोराचं बघ..." तो म्हणाला.

तुळशीरामानं यंत्र बहिणीच्या पोटाशी नेलं. टिक... टिक... आणि बंद. मागं घेतलं, की टिकटिक सुरू. पुन्हा जवळ नेलं, पुन्हा बंद.

"बिघडलं आसंल..." केसरीनाथ म्हणाला. 

कमळनं भावाचा हात ओढून पोटावर दाबला. आतून बारीक, कोरड्या टिचक्या लागत होत्या, यंत्र पंख्यापाशी तडतडलं होतं अगदी तशाच.

तुळशीरामानं घाईघाईनं यंत्राचं बटण बंद केलं.

टिचक्या चालूच राहिल्या.