कुलूपबंद कड्या

साखळीला बांधलेला पहारेकरी झोपला तरी चालतं, असं यरुशलेमच्या तुरुंगात सगळेच मानत. कैद्याचं एक मनगट एका शिपायाशी जखडलेलं, दुसरं दुसऱ्याशी. तो कुशीवर वळला की साखळी ओढली जायची आणि शिपाई जागा व्हायचा. कैदी पळाला तर त्याची शिक्षा शिपायाला. या खेपेचा कैदी गालीलचा एक म्हातारा कोळी होता; त्याचं मुंडकं यहुद्यांचा वल्हांडण सण सरल्यावर उडवायचं होतं, आणि सण त्या संध्याकाळी सरला.

"कोळ्या, माझ्या वाटची भाकर खाल्लीस," त्याच्या एका मनगटाशी जखडलेला शिपाई झब्दा म्हणाला. "पळू नकोस बाबा. घरी तान्ही पोर आहे."

"ठाऊक आहे," म्हातारा हसला आणि घोरू लागला.

पलीकडच्या मनगटाचा शिपाई मोनिमोस खेकसला, "जावई करून घे त्याला!"

झब्दाच्या मनगटाला अधूनमधून हिसका बसत राहिला. दर वेळी तो अर्धवट जागा झाला आणि निर्धास्त होऊन पुन्हा झोपला.

उजाडलं तेव्हा मध्ये कुणी नव्हतं. कैद्याच्या दोन्ही कड्या बंद होत्या, कुलपं लागलेली. लोखंडावर साधा ओरखडा नव्हता. झब्दानं आतून बोट फिरवलं. कोमट.

तो बघत असतानाच साखळी ओढली गेली.

"मोनिमोस, तू ओढलीस?"

"मी हललोसुद्धा नाही."

साखळी पुन्हा ओढली गेली. कुणी झोपेत वळावं, तशी.

सुभेदार आला तेव्हा ती निपचित पडली होती.

"यानंच सोडलं, सरकार," मोनिमोस म्हणाला. "रोज भाकर भरवत होता त्याला."

"मोन्या! माझ्या पोरीचं नाव तू ठेवलंस रे!"

मोनिमोस जमिनीकडे बघत राहिला. त्याची साखळी काढली. झब्दाला वधाला नेणाऱ्या शिपायांत त्यालाच उभं केलं.

"तू तरी सांग, कोळ्या," झब्दा चालता चालता पुटपुटला. "तुझ्या देवाला सांग, मीपण आतच होतो."

वेशीचं लोखंडी दार ओढायला चार गडी लागत. शिपाई दारापासून अजून दहा हात लांब होते. दार आवाज न करता उघडलं.

झब्दाच्या छातीत काहीतरी लक्कन हललं. त्यानं मोनिमोसकडे पाहिलं. मोनिमोसनंही पाहिलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"चल," तो म्हणाला.

पलीकडे जल्लाद वाळू पसरत होता.

दार त्यांच्या पाठीमागे आपणहून मिटलं.