निळा फ्यूज

"पुन्हा निळाच?" सुट्या भागांच्या दुकानदाराने विचारलं.

"या वेळी पिवळा द्या," ती म्हणाली. "तो जास्त ताकदीचा असतो ना? म्हणजे जळायचा नाही."

"फ्यूज नाही जळणार," शेजारून कुणीतरी म्हणालं. "गाडी जळेल."

तिने वळून पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, हातात काळ्या टेपची दोन वेटोळी घेतलेला एक उंच माणूस. बोलून गेला खरा, पण ती बघतेय म्हटल्यावर टेपकडेच पाहायला लागला.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. पण फ्यूज बिचारा स्वतः मरून वायर वाचवतो. त्याच्या जागी दांडगा गडी बसवलात की तो मरत नाही, वायर तापत जाते... आठवड्यात कितवा हा?"

"पाचवा."

"पाचवा! फ्यूज खाता की काय तुम्ही?"

ती हसली. मग आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं.

तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. दुकान समोरच होतं. ती एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. सकाळी साडेपाचला निघायचं, नऊ घरं करायची, आठच्या आत प्रयोगशाळेत परत. मागच्या सीटवर थंड पेटी असायची, गाडीच्या विजेवर चालणारी. फ्यूज गेला की पेटी बंद. पेटी बंद की नमुने वाया. मग त्याच माणसांना पुन्हा सुई टोचायची आणि त्यांची बोलणी खायची.

वायरिंगवाल्याने तासभर गाडी तपासली. सगळं ठीक होतं.

"उभ्या गाडीत काही होत नाही," तो म्हणाला. "चालत्या गाडीत कुठेतरी उघडी वायर पत्र्याला लागतेय."

त्याने फ्यूजच्या जागी दोन तारा लावून एक बल्ब टांगला. "आता फ्यूज जळायच्या ऐवजी हा पेटेल. ज्या क्षणी पेटेल, त्या क्षणी काय चाललं होतं ते बघायचं. वळण होतं, खड्डा होता की ब्रेक... तोवर पेटी बंद ठेवा, आत बर्फ भरा."

"आणि बल्ब कोण बघणार? मी रस्ता बघू की बल्ब?"

तो जरा घुटमळला. "मी... येऊन बसतो. किती वाजता निघता?"

"साडेपाच."

"बाप रे," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सव्वापाचलाच तिच्या फाटकापाशी उभा होता.

बाहेर धुकं होतं. तो शेजारी बसला, सीट जरा हलवून पाहिली, खाली हात घालून चाचपडला आणि मग बल्ब मांडीवर घेऊन गप्प झाला.

"बोललात तर बल्ब रागावणार नाही," ती म्हणाली.

"सवय नाही हो मॅडम."

"मॅडम नका म्हणू. मी कुणाला तरी रागावणार आहे असं वाटतं मला."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू. गाडीत दोघंच तर आहोत."

दोघंच – हा शब्द तोंडातून गेल्यावर ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली.

चौथ्या घरी एक आजोबा होते. खिडकीतून गाडीत बसलेला माणूस बघून ते म्हणाले, "आज दोघं? एक टोचायला आणि एक माझं रडं ऐकायला?"

त्या दिवशी बल्ब पेटला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

पण तीन दिवसांत बोलणं मात्र पुष्कळ झालं. तिने सांगितलं, सहा महिन्यांपूर्वी आई गेली. दुपारी घरी आल्यावर दार उघडताना ती अजून किल्ल्या जोरात वाजवते, आत झोपलेली आई दचकू नये म्हणून. मग आत जाऊन आठवतं. त्याने सांगितलं, त्याच्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो.

"काय ऐकता?"

"ऐकत नाही. कुणीतरी बोलत असावं, म्हणून."

तिने सांगितलं, दूरच्या शहरात दादा आहे. त्यानेच गाडीला गिऱ्हाईक बघितलंय. गाडी दुरुस्त झाली की विकायची, घर बंद करायचं आणि दादा-वहिनींकडे राहायला जायचं.

"म्हणजे मी गाडी दुरुस्त केली की..."

"हो," ती म्हणाली.

त्याने हातातला बल्ब उगाचच पुसला.

घर आल्यावर तो उतरला. तारा काढल्या, नवा निळा फ्यूज लावला. "उद्या मला जमणार नाही. पेटी चालू करून जा. बर्फही असू द्या, नमुन्यांना धोका नको. आणि फ्यूज गेला की... मला सांगा."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. तिसऱ्या घरानंतर रस्ता उतरतो, तिथे एक खड्डा आहे. गाडी आदळली आणि पेटीची घरघर थांबली.

ती गाडी बाजूला घेऊन बसून राहिली. तीन दिवस याच खड्ड्यातून गेलो, काही झालं नाही. आज तोच खड्डा, तीच पेटी. फरक एवढाच... तिने शेजारच्या मोकळ्या सीटकडे पाहिलं. सांगितलं की तो दहा मिनिटांत शोधून काढेल. मग गिऱ्हाईक येईल. मग दादा येईल.

तिने जळका फ्यूज काढून पर्समध्ये टाकला, दुसरा लावला.

संध्याकाळी ती दुकानात गेली. रेडिओ चालू होता.

"गेला का फ्यूज?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाही."

त्याचा हात थांबला. "नाही गेला?"

"नाही ना. त्याला काय झालं कोण जाणे. उद्या तुम्हीच येऊन बघा एकदा."

त्याने उठून रेडिओ बंद केला. एकदम शांत झालं. मग तो हसायला लागला, आधी ओठांतल्या ओठांत, मग चांगला मोठ्याने.

"हसायला काय झालं?"

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

"मी कुठे..."

"काल मी मुद्दाम फ्यूज लावून दिला आणि आज मुद्दाम आलो नाही. गेल्याशिवाय राहायचाच नाही तो." तो थांबला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बसल्या बसल्या. सीट डुगडुगत होती, हात घातला तर तिच्या पायाखाली पेटीची वायर. माणूस बसलं की सीट मागे कलते, पुढचा पाय उचललेला राहतो. मोकळी असली की तोच पाय खड्ड्यात वायरवर आपटतो. पंधरा मिनिटांचं काम होतं."

"आणि तुम्ही तीन दिवस..."

"तीन दिवस." त्याचे कान लाल झाले होते. "चौथ्या दिवशी लाज वाटली. म्हटलं, मी नसलो की फ्यूज जाईल, तुम्ही येऊन सांगाल आणि संपेल. आणि तुम्ही येऊन म्हणता, नाही गेला!"

तिने पर्समधून जळका फ्यूज काढून त्याच्यापुढे ठेवला. मग दोघं गाडीपाशी गेले.

त्याने सीट उचलली. पायांना मिळून चार बोल्ट हवेत, होते तीन.

"ही सीट कुणी बसवली?"

"मी." तिचा आवाज बारीक झाला. "आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, वाकवता यायचा नाही. ती मागे बसायची आणि पाय पुढे लांब सोडायची, म्हणून ही सीट काढून ठेवली होती. ती गेल्यावर मीच बसवली, एका दुपारी. एक बोल्ट सापडेना. कुणाला हाक मारू, सुचलं नाही... राहू दे म्हटलं. बसणार कोण आहे त्यावर."

त्याने वायरवर टेप गुंडाळला, ती सीटपासून लांबून नेली, चौथा बोल्ट टाकला. पाना तिच्या हातात दिला. "शेवटचा पीळ तुम्ही द्या."

तिने दिला.

"झालं," तो म्हणाला. "आता कुणी बसलेलं नसलं, तरी फ्यूज जाणार नाही."

काम इतकं चोख झालं होतं की आता कुणाचीच गरज उरली नव्हती. तो हत्यारं गोळा करत होता, एकेक, फार सावकाश.

तिने फोन काढला.

"दादा, गाडी झाली दुरुस्त. पण... मी नाही विकत ती. आणि तिकडे येतही नाही."

पलीकडून दादाचा आवाज त्यालाही ऐकू येण्याइतका मोठा झाला. "अगं वेडी आहेस का? एकटी काय करणार? आता तिथे आहे कोण तुझं?"

तिने फोन छातीशी धरला. वायरिंगवाला पाना हातात घेऊन तसाच उभा होता.

"दादा विचारतोय," ती म्हणाली, "इथे आहे कोण माझं?... काय सांगू?"

त्याने पाना खाली ठेवला. हात आधी फडक्याला पुसले, मग शर्टाला पुसले.

"सांगा," तो म्हणाला, "आहे एकजण."