चाळीस मिनिटांवरची हाक

मंगळवारी 'वारुणी'वर काहीच विशेष घडलं नाही. साडेपाचला घंटा झाली. ज्याला त्याला अंघोळीला तीन मिनिटं मिळाली. तिसरं मिनिट संपताच नळ आपोआप बंद झाला आणि नेहमीप्रमाणे नाझच्या केसांत साबण तसाच राहिला. न्याहारीच्या टेबलावर ओलं फडकं अंथरलेलं होतं, म्हणजे जहाज कललं तरी पोह्यांच्या बशा घसरत नाहीत. भूमितीच्या तासाला तांडेल सरांचा खडू फळ्याकडून दाराकडे आणि दाराकडून फळ्याकडे घरंगळत राहिला. कुणी तो उचलला नाही. तो परत येणारच होता.

वारुणी ही बत्तीस मुलांची तरंगती शाळा होती. सातवी ते नववीतली मुलं वर्षभर तिच्यावर राहायची, हिंदी महासागरात फिरत शिकायची आणि जहाजाची कामंही करायची. आठवीतली शलाका शिरगावकर आणि तिची मैत्रीण नाझनीन मुकादम यांची दुपारची पाळी ऐकण्याच्या खोलीत असे.

ही खोली जहाजाच्या अगदी तळाशी होती. तिला खिडकी नव्हती. तिथे कानोसा राहायचा. कानोसा यंत्रमानव होता, पण त्याला हातपाय नव्हते आणि चेहराही नव्हता. पिंपाएवढं धड, त्यावर गुंडाळलेली लांबलचक केबल आणि एक संथ आवाज, एवढाच तो. रोज चार वाजता तो केबलच्या टोकाला बांधलेला हायड्रोफोन (पाण्यातले आवाज टिपणारा माइक) दीड किलोमीटर खोल सोडायचा. चार-चाळीसला स्पीकरमधून एक लांब, चढत जाणारा सूर यायचा. तो कानांपेक्षा तळपायांना आधी कळायचा.

दरवर्षी या दिवसांत वारुणी समुद्रात एका ठरलेल्या जागी थांबायची. हा सूर तिथून छत्तीसशे किलोमीटर दक्षिणेकडच्या एका ओसाड बेटावरून येत असे. तिथल्या संशोधन केंद्रात शलाकाची आई, डॉ. सुनेत्रा, समुद्राचा ताप मोजण्याचं काम करायची. लांब सूर यंत्राचा असे. तो संपला की आई स्वतः बटण दाबून तीनदा घुमवायची: दोन आखूड, एक लांब. घरी न्हाणीघराचं दारही ती तसंच वाजवायची. शलाकाने आतून एकदा ठोकलं, की त्याचा अर्थ 'ऐकलं'. जहाजावरही हाच रिवाज होता. कानोसाच्या घुमणीचं (पाण्यात सूर सोडणाऱ्या कर्ण्याचं) बटण एकदा दाबायचं, की उत्तर पाण्यातून निघायचं.

नोंदवहीत मुली तारीख आणि वेळ लिहायच्या. वेळेचा रकाना एकच होता. रोज चार-चाळीस लिहून लिहून सगळं जहाज म्हणायचं, शलाकाची आई चार-चाळीसला दार वाजवते.

"उघड गं," नाझ त्या मंगळवारी म्हणाली, "नाहीतर तीन मिनिटं संपतील."

एरवी शलाका हसली असती. पण आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर नववीच्या मुलांनी चमच्यांनी तेच वाजवलं होतं, दोन आखूड, एक लांब, आणि सगळे हसले होते. तिने वेळ लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

"उत्तर?" कानोसाने विचारलं.

"आज नको."

"का?"

"उद्या देईन. दोन दिवसांचं एकदम. केबल वर घे."

बुधवारी चार-पस्तीसला तांडेल सर खाली आले. ते या खोलीत कधीच येत नसत. त्यांना दारातून वाकून यावं लागलं.

"शलाका, जरा वर चल."

"सर, पाच मिनिटं. चार-चाळीस व्हायचेत."

सर पायरीवरच बसले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "बेटावरून उपग्रहावाटे निरोप आलाय. चार वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर मोठी लाट आली. आई तिथे उभी होती. केंद्रातल्या लोकांनी तिला लगेच बाहेर काढलं, पण..." ते थांबले. "ती गेली, बाळ."

खोलीत फक्त केबलची बारीक कुरकुर ऐकू येत होती. मग लाकडी फळ्या थरथरल्या. लांब सूर चढत गेला, संपला. आणि त्यानंतर, रोजच्यासारखं, दोन आखूड. एक लांब.



"सर," नाझ अगदी हळू म्हणाली, "ती वाजवतेय."

शलाकाने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: चार-चाळीस. अक्षर चांगलं आलं. "निरोप चुकलाय, सर. चार-दहाला गेली असेल, तर आता कोण वाजवतंय? कानोसा, हे यंत्र आहे का?"

"लांब सूर यंत्राचा आहे. नंतरचे तीन हाताचे. शेवटच्यावर तिचं बोट नेहमीसारखं थोडं रेंगाळलं आहे."

सर उठले. "मी पुन्हा विचारून येतो," म्हणाले आणि वर गेले.

एरवी पावणेपाचला केबल वर गुंडाळली जायची. आज कुणाला आठवण झाली नाही. दोघी स्पीकरसमोर बसून राहिल्या. आतून समुद्राची सरसर येत होती. मधेच एखाद्या देवमाशाचा कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि विरून जायचा. सर परत आले, शलाकाकडे बघून त्यांनी मान हलवली आणि पायरीवर बसले. निरोप तोच होता.

पाच-बत्तीसला तो सूर पुन्हा आला. या वेळी फार क्षीण आणि कडांना फाटलेला, भिंतीपलीकडून यावा तसा. त्यामागून दोन आखूड. एक लांब.

"या अल्लाह," नाझने शलाकाचा दंड घट्ट धरला.

"कानोसा, ती कुठे आहे?"

"ते मला माहीत नाही. आवाज कुठून आला आणि केव्हा निघाला, एवढंच सांगता येईल. सांगू?"

"नको," शलाका म्हणाली. मग नोंदवही जवळ ओढून म्हणाली, "सांग."

"वीज आधी चमकते. गडगडाट मागून येतो. गडगडाट ऐकू येतो तेव्हा वीज कुठे असते?"

"संपलेली असते," असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. बेट छत्तीसशे किलोमीटरवर आहे."

तिने नोंदवहीच्या समासात भागाकार केला. चोवीसशे सेकंद. म्हणजे चाळीस मिनिटं. परीक्षेत हेच गणित तिने बरोबर सोडवलं होतं. पण त्या एका रकान्यापायी ती रोज पोचण्याची वेळच निघण्याची समजत आली होती.

"चार," ती म्हणाली. "तिने चार वाजता वाजवलं."

"हो. मग ती धक्क्यावर गेली. लाट आली तेव्हा हा आवाज समुद्रात नऊशे किलोमीटर पुढे आला होता. उपग्रहाचा निरोप रेडिओ लहरींनी, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने येतो. तो मागून निघाला आणि आधी पोचला."

नाझने नाक पुसलं. "पण इतक्या लांबून? मी वरून ओरडले तर हिला खाली ऐकू येत नाही."

"किनाऱ्यावर चारजण हात धरून धावा. कडेच्याचे पाय मऊ वाळूत रुतले, की त्याचा वेग कमी होतो आणि सगळी रांग त्याच्याकडे वळते. आवाजही तसाच सावकाश जाण्याच्या जागेकडे वळतो. समुद्रात वरचं पाणी उबदार, तिथे आवाज वेगात जातो. खूप खोल दाब प्रचंड, तिथेही वेगात. मधे एक थर आहे, तिथे तो सर्वांत हळू जातो. वर निसटला तर खाली वळतो, खाली निसटला तर वर. या थराला ध्वनिवाहिनी (समुद्राच्या पोटातली आवाजाची वाट) म्हणतात. तिच्यातून तो फारसा न विखुरता हजारो किलोमीटर जातो. म्हणून मी दीड किलोमीटर खोल ऐकतो."

"आणि आत्ताचा?" शलाकाने विचारलं.

"तोच. आवाज सगळ्या दिशांना निघतो. त्यातला थोडा दुसरीकडे जाऊन, बहुधा बुडालेल्या एखाद्या डोंगररांगेवर आपटून, लांबच्या वाटेने आला. ब्याण्णव मिनिटं. आठ हजार किलोमीटरच्या वर."

"म्हणजे हा रोज येतो?"

"येत असावा. आपण पावणेपाचला केबल ओढून घेतो. आज कुणी ओढली नाही."

शलाकाने स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. "मी चार-चाळीसला उत्तर दिलं, तर तिला केव्हा मिळायचं?"

"पाच-वीसला."

"ती तोपर्यंत बसून असायची?"

"तिच्या नोंदवहीची प्रत माझ्याकडे रोज येते. तिच्या वहीत दोन रकाने आहेत, 'निघाला' आणि 'पोचला'."

"कालचं वाच."

"कानोसा," सर म्हणाले. पण शलाकाने हात वर केला, आणि ते थांबले.

"'उत्तर नाही. सहापर्यंत वाट पाहिली. तिकडे समुद्र खवळलेला असावा.'"

काल समुद्र रोजच्यासारखाच होता, जराही खवळलेला नव्हता.

तिने पट्टी घेतली आणि नोंदवहीतल्या रकान्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं 'निघाला', दुसऱ्या बाजूला 'पोचला'.

"उद्या सूर येईल?"

"यंत्र आपोआप चालतं. येईल. पाणी तापलं की आवाज थोडा लवकर पोचतो. गेल्या वर्षीपेक्षा आज तो सेकंदाचा काही भाग लवकर आला. त्यावरूनच ती समुद्राचा ताप काढायची. वेळ कुणीतरी लिहायला हवी."

"मी लिहीन," शलाका म्हणाली. "आणि केबल सहापर्यंत खाली ठेवायची. रोज."

"मीपण बसेन," नाझ म्हणाली.

शलाका उठून घुमणीपाशी गेली. "माझं बोलणं जाईल का यातून?"

"नाही. माणसाचं बोलणं इतकं लांब टिकत नाही. घुमणीच जाईल. सहा-वीसच्या सुमारास पोचेल. ऐकायला तिथे ती नसेल."

"माहीत आहे."

तिने बटण दाबलं आणि बोट रेंगाळू दिलं. जमीन थरथरली, आणि तो सूर पायांखालून निघून गेला. तिने हात बटणावरून काढला नाही. सर तिथे होते, नाझ होती, तरी ती मोठ्याने, स्पष्ट बोलली.

"आई, समुद्र खवळला नव्हता. मी ऐकलं होतं. मी रोज ऐकत होते, आणि मला ते आवडायचं."