उत्तराची टाळी

ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तू मध्ये बोललीस की माझा धागा तुटतो, आणि आज तो तुटून चालणार नाही. आमच्या धाकटीच्या सहलीची बस सकाळीच सुटलीये, संध्याकाळपर्यंत ती समुद्राशी पोचलेली असेल. त्याच्या आत मला ठरवायचंय, आईबाबांना सांगायचं की नाही. म्हणून आधी सगळं ऐक. हसायचं असेल तर शेवटी हस.

तू आमच्या शाळेतली नाहीस, त्यामुळे तुला टाळी माहीत नसणार. आमच्या भूगोलाच्या मॅडम, त्यांना आम्ही कप्तान म्हणायचो, म्हणजे पाठीमागे. कप्तान कधीही ओरडत नाहीत. एवढी वर्षं शिकवतायत, पण त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. शेवटच्या वर्षाची सहल त्याच नेतात, समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहरात, आणि गर्दीत पोरं गोळा करायची त्यांची एकच पद्धत, टाळी. दोन जलद, जरा थांबून एक. ती ऐकू आली की जिथे असाल तिथून उत्तराची टाळी द्यायची आणि आवाजाकडे चालायला लागायचं. कुठल्या बाजूला जायचं ते कळेना तर जिकडे जास्त हात वाजतायत तिकडे.

आणि मजा काय, तर उत्तर प्रत्येक वर्गाचं वेगळं. वर्ग आपसात ठरवतो, कप्तानांना पत्ता लागू न देता. सहलीची बस सुरू झाली की त्या पहिली टाळी वाजवतात आणि अख्खी बस पहिल्यांदा उत्तर देते. तोपर्यंत गुपित. आणि त्यांना सगळ्या वर्गांची उत्तरं आठवतात गं! दाढीमिशा आलेला एखादा बाप्या रस्त्यात भेटला ना, की त्याचं नाव आठवायच्या आधी त्या त्याच्या वर्गाची टाळी वाजवून दाखवतात. तो बाप्या लाजून लाल.

आमचं उत्तर तबल्याने बसवलं होतं. तबला म्हणजे माझ्या बाकावरचा मुलगा. बाक, डबा, पुढच्याची पाठ, हाताला लागेल ते बडवायचा. तीन सरसर, एक दणकून. बसमध्ये ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा कप्तान इतक्या खूश झाल्या की ड्रायव्हरकाकांना पण शिकवायला निघाल्या.

आता शहर. मी तुला त्या शहराबद्दल आधी सांगितलंय, वर्षभर सगळ्यांना तेच सांगत होते, पण तरी. आपण डोंगरातली माणसं, आपल्याला पाणी म्हणजे टाकीत. तिथे बस उड्डाणपुलावर चढली आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीत निळं काहीतरी दिसलं. मला वाटलं कुणीतरी चादर वाळत घातलीये. मग ती हलली. बस एकदम गप्प. ड्रायव्हरकाकांनी तर मान पण वळवली नाही, त्यांचं रोजचंच. बंदरात एक क्रेन अख्खी लोखंडी खोली उचलत होती, आपण खोडरबर उचलतो ना, तशी. वसतिगृहाला लिफ्ट होती, त्यात आम्ही उगाच वर-खाली करत राहिलो, शेवटी पहारेकरी येऊन आत उभा राहिला. आणि काठावर तबला लाटांकडे बघून विचारतो, "मॅडम, हे रात्री बंद करतात का?" कप्तान म्हणाल्या, "मी अर्ज दिलाय." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

तर. पहिल्यांदा ते झालं संग्रहालयात.

एक मोठा घुमटाचा हॉल, मध्यभागी देवमाशाचा सांगाडा टांगलेला. त्याच्या फासळ्यांखालून आम्ही चाललो होतो. आत गार, मेणासारखा वास, बूट वाजत होते. कप्तानांनी निघायची टाळी दिली. आम्ही उत्तर दिलं. तीन सरसर, एक दणकून. घुमटात ते फिरलं, विरलं, आणि मग अजून एक टाळी आली.

वरून नाही, कुठूनतरी मागून. एक टाळी. मग इतकी मोठी फट की वाटावं संपलं. मग घाईघाईने दोन. मग पुन्हा फट, आणि शेवटी एक हलकी, हात कसेबसे भेटल्यासारखी.

कप्तान म्हणाल्या, प्रतिध्वनी. सगळ्यांनी मान डोलावली. तबल्याने नाही डोलावली. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "प्रतिध्वनी आपलंच परत देतो ना? हे आपलं नव्हतं."

दुसऱ्यांदा रस्त्याखालच्या बोगद्यात. पांढऱ्या फरशा, दिव्यांची गुणगुण, ऑफिसला जाणाऱ्या माणसांची झुंबड. कप्तानांची टाळी, आमचं उत्तर, आणि मग पुन्हा तेच. एक. फट. दोन. फट. एक. या वेळी मी नीट ऐकलं. एकाचे हात नव्हते ते, पुष्कळ जणांचे होते. आणि वाजत होते वेगळेच. तू कपडे पिळून झाल्यावर टाळी वाजवून बघ. चपचप येते ना? तशी.

कप्तान बोलताबोलता थांबल्या. फक्त क्षणभर. मग म्हणाल्या, चला, हात धरा. शेवटच्या वर्गातल्या पोरांना हात धरायला सांगितल्यावर पोरं खिदळणारच, तशी खिदळली. मी नाही खिदळले.

तिसरा दिवस बांधाचा. बंदरातल्या बोटींना लाटा लागू नयेत म्हणून समुद्रात लांबवर गेलेला दगडी बांध आहे तिथे, वर चालायची वाट, टोकाला लाल दिव्याचा खांब. ऊन होतं. इतकं सुंदर होतं ना ते, दोन्ही बाजूंना पाणी, मागे सगळं शहर काचेसारखं चमकतंय, आणि आपण मधोमध चालतोय. मी तबल्याला म्हटलं, मी इथेच राहणार, घरी सांग. दिव्याच्या खांबाशी आम्ही दोघं मागे राहिलो, त्याच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून. बाकीचे परत फिरले होते.

नाडी बांधून त्याने मान वर केली आणि शहर नव्हतं.

धुकं. समुद्रावरून आलं आणि बसलंच. मला माझे बूट दिसेनात.

कप्तानांची टाळी आली. कुठून ते कळलं नाही, धुक्यात आवाज सगळीकडून येतो. आम्ही दोघांनी उत्तर दिलं. पुढून कुठूनतरी वर्गाचं उत्तर आलं, तुटक, चार-पाच हातांचं.

आणि उजवीकडून ते आलं. जवळून. अख्ख्या वर्गाचं.

आता तू म्हणशील, मग तुम्ही पळाला असाल. अगं, आम्ही तिकडेच चालायला लागलो. सवय गं. जिकडे जास्त हात, तिकडे चला. डोकं नाही म्हणत होतं आणि पाय ऐकत नव्हते. कठडा हाताला लागत होता, मग तो लागेनासा झाला. खालचे दगड तिरके झाले. गिळगिळीत झाले.

एक.

तबला माझ्या पुढे होता. त्याची बाही मी धरली होती.

दोन. अगदी पुढ्यात. माझ्या तोंडावर पाण्याचे शिंतोडे आले.

आणि मागून आवाज आला, "भरती आणि ओहोटी. चंद्राचं गुरुत्वाकर्षण हे याचं प्रमुख कारण होय."

मला वाटलं, झालं, कप्तानांना वेड लागलं. त्या धडा शिकवत होत्या. शेवटच्या तासाला शिकवतात तशाच, सपाट, झोप येईल अशा आवाजात. "अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी सूर्य आणि चंद्र..." थांबत नव्हत्या. श्वास घेताना सुद्धा थांबत नव्हत्या. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी टाळी बंद केली होती. टाळीला उत्तर येत होतं. धड्याला कोण उत्तर देणार?

मी तबल्याला ओढलं. आम्ही वळलो आणि भरती-ओहोटीच्या मागे मागे चालत गेलो. आयुष्यात तो धडा इतका लक्ष देऊन कुणी ऐकला नसेल. सगळा वर्ग तसाच आला, एकेक करून, धड्याला धरून. काठाशी पोचलो तेव्हा कप्तानांचा आवाज बसला होता, तरी त्या उपसंहार पूर्ण करूनच थांबल्या. काय बाई आहे गं ती. मी सांगते तुला, दुसरं कुणी असतं तर आम्हाला हाका मारमारून पाण्यात पाठवलं असतं.

परतीच्या बसमध्ये त्या तबल्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू काय ऐकलंस ते वाजवून दाखव."

त्याने पुढच्या सीटवर बोटांनी वाजवलं. त्यांनी डोळे मिटले होते. पुन्हा वाजव म्हणाल्या. त्याने पुन्हा वाजवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या कुठल्याच वर्गाची नाही ही." आणि इतका मोठा श्वास सोडला. "बरं झालं."

काय बरं झालं, ते तेव्हा आम्हाला समजलं नाही.

वर्ष गेलं. मी घरी धुक्याबद्दल बोललेच नाही. बाकी शहराचं मात्र इतकं कौतुक केलं की धाकटीने वर्षभर दुसरा विषय काढला नाही. तिला क्रेन बघायची, लिफ्टमध्ये बसायचं. बॅगेत रिकामी बाटली टाकलीये, समुद्र भरून आणायला. बाबा म्हणाले, अगं थोडा ठेव तिकडे, बाकीच्यांना लागेल.

काल दुपारी ती शाळेतून आली, बसवर लावायचा फलक रंगवून. हात कोपरापर्यंत निळे. मोरीत खसाखसा धुतले आणि तशीच, न पुसता, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, आमचं उत्तर ठरलं. कुणाला सांगू नकोस हं."

एक.

मला वाटलं एवढंच आहे.

दोन. माझ्या गालावर पाणी उडालं.

आणि हलकी, शेवटची.

मी विचारलं, कुणी बसवलं हे. ती म्हणाली, "कुणीच नाही गं. आम्ही नुसते बसलो होतो आणि सगळ्यांचे हात एकदमच निघाले. भारी ना?" मी म्हटलं, भारी. दुसरं काय म्हणणार?

चप्पल घालून मी थेट कप्तानांकडे गेले. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली. गुपित फोडलं मी. त्यांच्या टेबलावर वाजवून दाखवलं. त्या उभ्या होत्या, त्या हळूच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "तेव्हा ती माझ्या कुठल्याच वर्गाची नव्हती." मग विचारलं,

"तिचे हात ओले होते?"

मी ते सांगितलंच नव्हतं गं.

मी म्हटलं, सहल रद्द करा. त्या म्हणाल्या, काय सांगून करू? मुलांनी टाळी चुकीची बसवली म्हणून? मग माझ्याकडे बघून नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाल्या, "बांधावर मी त्यांना नेणार नाही. आणि या वेळी टाळी वाजवणार नाही. बसमध्ये नाही, तिथे नाही, कुठेच नाही. मी विचारलंच नाही तर उत्तर येणार कुठून?"

इतकं सरळ उत्तर. मला एकदम हलकं वाटलं. त्या बांधावर वाटलं होतं तसं, की कप्तान आहेत ना, मग झालं. रात्री मी शांत झोपले सुद्धा.

आज सकाळी बसशी गेले सोडायला. धाकटी खिडकीत, बाटली हलवून दाखवतेय. पोरं सगळी अधीर, हात मांडीवर तयार ठेवून, आता कप्तान वाजवणार, आता वाजवणार. कप्तान पुढे उभ्या. दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरलेला, बोटं पांढरी पडलेली, मला काचेतून स्वच्छ दिसत होती. ड्रायव्हरकाकांचे हात स्टिअरिंगवर. बस सुरू झाली.

कुणी टाळी वाजवली नाही.

आणि अख्ख्या बसने उत्तर दिलं.

एक. फट. दोन. फट. एक.

पोरं खूश झाली, ओरडली. कुणीतरी विचारल्यासारखीच खूश झाली. धाकटीने तर मान वळवून मागे बघितलं, बसच्या मागच्या बाजूला, जिथे सीट नाहीत, नुसत्या बॅगा आहेत.

कप्तान मात्र माझ्याकडे बघत होत्या. दांडा सोडला नव्हता त्यांनी.

बस फाटकातून वळली तेव्हा धाकटीने हात हलवला. मी धावू शकले असते. ओरडू शकले असते. मी पण हात हलवला. आता तूच सांग, तू तिथे असतीस, तर तू काय केलं असतंस?